एल्वी म्हणाली, पलीकडे

फिनलंडची संस्कृती आउरा नदीच्या काठी जन्माला आली. पहिलं शहर इथं, पहिला बिशप इथं, पहिलं विद्यापीठ इथं. बाकीचा देश अस्वलांना चुकवत जंगलात फिरत होता तेव्हा आमच्या तुर्कूत माणसं फरसबंदी रस्त्यावरून चालत होती. हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. फक्त नदीच्या कुठल्या काठी, एवढं विचारू नका. विचारलंत की संस्कृती तिथंच संपते.

कॅथेड्रल ज्या काठाला आहे तो काठ म्हणजे 'अलीकडे'. बाजारचौक ज्या काठाला आहे तो 'पलीकडे'. बोलणारा कुठं उभा आहे याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. चौकात बटाटे विकणारी बाई आपल्याच टोपल्यांमागे उभी राहून सांगते, "मी पलीकडे राहते," आणि बोट स्वतःच्या पायांकडे करते. हेलसिंकीहून आलेल्या माणसाला हे कळत नाही. आम्हीही समजावत नाही. आमची राजधानी उचलून नेलीत ना, मग आता रस्ता तुमचा तुम्ही शोधा.

बरं, नदी तरी केवढी? गढूळ, कॉफीच्या तळातल्या गाळासारखी, आणि इतकी अरुंद की इकडे शिंकलं तर तिकडचा माणूस तोंड फिरवतो. फ्योरी नावाची आमची नारिंगी फेरीबोट आहे, फुकट. तीत चढून कोटाची कॉलर वर करावी तोवर उतरायची वेळ होते. एवढ्याशा पाण्यापायी आमच्या शेजाऱ्याची, तोर्स्तीची, काय दशा झाली ते सांगतो.

तोर्स्ती अलीकडचा. नुसता अलीकडचा नव्हे, निवृत्त होईपर्यंत कॅथेड्रलच्या देखभालीला होता. मेणबत्त्या, किल्ल्या, बाकांखालची धूळ, सगळं त्याच्याकडे. तिथं एका बाजूच्या दालनात कुणी जुना सरदार आणि त्याची बायको दगडात कोरलेले शेजारी शेजारी झोपले आहेत. त्यांना तो दर आठवड्याला मऊ फडक्यानं पुसायचा, आणि नाकावरनं हात फिरवताना म्हणे "माफ करा" म्हणायचा. त्याच्या बायकोला, एल्वीला, याचा फार राग. ती मला म्हणायची, "यालमरी, तू साक्षीला आहेस. त्या दगडी बाईचं तोंड यानं जितक्या वेळा पुसलंय, तितक्या वेळा माझ्याकडे पाहिलंही नसेल."

एल्वी पलीकडची. बंदराजवळच्या लाकडी घरांमधली, गोदीतल्या फोरमनची थोरली मुलगी. लग्न करून अलीकडे आली तेव्हा तिच्या आईनं फ्योरीच्या धक्क्यावर उभं राहून रुमाल हलवला होता. अमेरिकेला जाणाऱ्या जहाजाला हलवतात तसा.

त्यांच्या घरी भांडण व्हायचं ते पैशावरून नाही की सासरच्यांवरून नाही. ते व्हायचं अठराशे सत्तावीस साली अख्खं तुर्कू जाळणाऱ्या आगीवरून.

"तुमच्या बाजूला लागली," तोर्स्ती म्हणायचा. "चूल तुम्हाला नीट सांभाळता आली नाही आणि जळलं आमचं कॅथेड्रल."

"नदी मध्ये होती ना? विझवायची होती. तुम्ही लोक त्या वेळी प्रार्थना करत बसला असाल."

"घंटा वितळल्या, एल्वी! घंटा!"

"बंदराजवळचा आमचा किल्ला उभा आहे तो उभा आहे. सॉसेज गार होतंय, जेव."

आणि तो जेवायचा. बेदाणे घातलेलं सॉसेज. फिनलंडात इतर कुणी ते तोंडात धरणार नाही, आमच्याकडे दोन्ही काठांना चालतं. या एकाच बाबतीत नदी आडवी येत नाही.

मुलंबाळं झाली नाहीत. पुढं एल्वीला आजार झाला तो बरा होण्यातला नव्हता. दोघांनाही ते ठाऊक होतं, पण घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही. त्याऐवजी तोर्स्तीनं अलीकडच्या मोठ्या दफनभूमीत, पाइनच्या झाडांखाली, दोघांपुरती जागा घेतली. एल्वीला बघायला घेऊन गेला. ती जरा वेळ उभी राहिली, पाइनकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओल नाही. बरं आहे." बास. आमच्याकडे याला संमती म्हणतात.

नोव्हेंबरात तिला इस्पितळात नेलं. इस्पितळ अलीकडे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तोर्स्ती तिच्याजवळ बसला होता. सकाळी त्याला फोन आला, आणि फोन ठेवून तो सरळ माझ्या दारात आला. पायात घरातल्या सपाता, डोक्यावर मात्र टोपी नीट.

"एल्वी गेली," तो म्हणाला.

मी कॉफी ठेवली. दुसरं काय करणार? तो कप धरून बसला, प्यायला नाही.

"शेवटचं काही बोलली?" मी विचारलं. हे विचारायला नको होतं, पण माणूस विचारतोच.

तोर्स्तीनं कप टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "बोलली. 'तोर्स्ती, मला पलीकडे घे.'"

"पलीकडे?"

"दोनदा म्हणाली. पहिल्यांदा वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग परत म्हणाली, जरा मोठ्यानं. 'पलीकडे घे ना रे मला.'"

"मग तू?"

"मी तिचा हात धरला. म्हटलं, कळलं एल्वी. आणखी काय म्हणू? माझ्या शेजारी तिला झोपायचं नव्हतं, यालमरी. इतकी वर्षं काढली माझ्याबरोबर. परदेशात काढावीत तशी."

मी म्हटलं, अरे, आजारी माणूस काहीबाही बोलतं. अलीकडे म्हणायचं असेल, पलीकडे तोंडातून गेलं असेल. त्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. तुर्कूत जन्मलेला माणूस स्वतःचं नाव विसरेल, पण या दोन शब्दांत घोटाळा करणार नाही. आणि तो आग्रहानं सांगत होता की एल्वीचं डोकं शेवटपर्यंत स्वच्छ होतं. त्याच संध्याकाळी तिनं त्याच्या स्वेटरचं सुटलेलं बटण दाखवलं होतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. माझ्या समजुतीप्रमाणे ते वाक्य ऐकणारा तो एकटाच. माझ्याखेरीज कुणाला सांगितलं नसतं तर पाइनखाली जागा तयार होती, सगळं बिनबोभाट झालं असतं. मी तसं सुचवलंही. तोर्स्ती म्हणाला, "तिनं मला सांगितलंय. पाइनला नाही." आणि दुपारी त्यानं मेव्हणीला बोलावून घेतलं.

मेव्हणी म्हणजे तुइरे, एल्वीची धाकटी बहीण. तिची सगळी हयात मंडईत मासे विकण्यात गेली. ती हळू बोलली तरी पलीकडच्या काठावरची मांजरं कान टवकारतात. आली, कोट न काढता स्वयंपाकघरात बसली, डोळे रडून लाल. तोर्स्तीनं तिला शब्दाला शब्द सांगितलं. तुइरे ऐकत राहिली आणि मग टेबलावर हात आपटला.

"मला माहीत होतं! माझी बहीण कधीच तुमची झाली नाही. आईबाबा पलीकडे आहेत, आमचा भाऊ पलीकडे आहे. त्यांच्या शेजारी एक जागा आहे. एल्वी तिथं येणार."

"एकच जागा?" तोर्स्तीनं विचारलं.

"एकच. शवपेटीपुरती."

"मग मी..."

"तुझे ते पाइन आहेत ना," तुइरे म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिलाच टोचलं असावं, कारण तिनं उठून कॉफी स्वतःच ओतली आणि एक कप त्याच्यापुढे सरकवला. "हे बघ तोर्स्ती, तू वाईट नाहीस. तू अलीकडचा आहेस एवढंच. पण मेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा नसतो."

"मी कुठं मोडतोय? मीच तर सांगितला तुला."

"तेच म्हणतेय मी. तू वाईट नाहीस."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ती जागा पाहायला गेलो. फ्योरीनं. बोटीत आम्हा तिघांखेरीज एक सायकलवाला होता, त्यानं आमचे चेहरे पाहिले आणि घंटी वाजवायची ती वाजवली नाही. पलीकडच्या एका जुन्या दगडी चर्चमागे तुइरेच्या घरच्यांची थडगी आहेत. शेवाळलेला कठडा, बर्चची ओली पानं, आणि आईवडिलांच्या शेजारी एक अरुंद पट्टी. तोर्स्ती त्या पट्टीच्या कडेला उभा राहिला. उंच माणूस, पण तिथं उभा असताना कुणीतरी त्याला घडी घालून ठेवल्यासारखा दिसत होता. त्यानं बुटाच्या टाचेनं माती दाबून पाहिली.

"ओल आहे," तो म्हणाला.

"समुद्राजवळ ओल असणारच," तुइरे म्हणाली. "आम्हाला सवय आहे."

परत येताना बोटीत तोर्स्ती मला म्हणाला, "दर रविवारी येईन. फुकट आहे ना फ्योरी." मग जरा वेळानं, "हिवाळ्यात मात्र फार वाकावं लागेल मेणबत्ती लावायला. आईबाबांचा दगड आडवा येतो."

त्या दिवसांत मी पाहिलं, तो घरातल्या घरात हरवल्यासारखा वावरायचा. एल्वीची खुर्ची, एल्वीची विणकामाची टोपली, खिडकीतलं एल्वीचं लाल जिरेनियम, सगळं पाहुण्याचं सामान असल्यासारखं जपून हात लावायचा. एकदा मी गेलो तेव्हा तो लग्नाचा फोटो घेऊन बसला होता.

"यालमरी, हे बघ. तिची मान कुठं वळलीय बघ."

"कुठं?"

"नदीकडे."

फोटो स्टुडिओतला होता. मागं रंगवलेला पडदा. मी म्हटलं, तोर्स्ती, स्टुडिओत नदी नसते. तो म्हणाला, "दिशा असते."



दफनाच्या आधी इस्पितळातून एल्वीचं सामान आणायचं राहिलं होतं. तोर्स्ती एकटा जायला तयार होईना म्हणून मी बरोबर गेलो. वॉर्डातल्या बाईंनी एक कागदी पिशवी दिली: चष्मा, सपाता, लोकरीचा स्वेटर, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. तोर्स्तीला एकदा ती खोली पाहायची होती. दोन खाटांची खोली. एल्वीच्या खाटेवर नवीन चादर, अजून कुणी आलेलं नव्हतं. दुसऱ्या खाटेवर आल्मा नावाची एक म्हातारी बसून प्लमचं सूप चमच्यानं खात होती. त्या शेवटच्या संध्याकाळीही ती तिथंच होती, मधल्या पडद्याआड.

"तुम्ही होय," तिनं तोर्स्तीला ओळखलं. "बसा. त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय डगमगतो. म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही तिथंच बसायचात."

तोर्स्ती उभाच राहिला. "तुम्हाला त्रास झाला असेल आमचा," तो म्हणाला. "त्या संध्याकाळी."

"त्रास मला कसला? त्रास तिला झाला." आल्मानं चमचा खाली ठेवला. "आता मेलेल्या बाईच्या नवऱ्याला बोलू नये, पण तुम्ही पुरुष म्हणजे खरंच. ती बिचारी म्हणतेय पलीकडे घे, पलीकडे घे, आणि तुम्ही हात धरून बसलात!"

तोर्स्ती म्हणाला, "मी तिची इच्छा पुरी करतोय. तिला पलीकडेच नेतोय. आईवडिलांशेजारी."

आल्मानं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. यांच्यातला आजारी कोण, असा प्रश्न तिला पडला असावा.

"अहो, कुठं नेताय?" ती म्हणाली. "तिला कूस बदलायची होती."

खोलीत रेडिएटरचा टिकटिक आवाज येत होता.

"कूस," आल्मा म्हणाली. "उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर. उजवा खुबा गेला होता ना तिचा, त्यावर भार पडला की जीव जायचा. दिवसभर ती सिस्टरना हेच म्हणायची, मला पलीकडे घ्या. त्या घ्यायच्या. तिला स्वतःहून वळता येत नव्हतं."

"मग... त्या संध्याकाळी..."

"त्या दिवशी दुपारपासून ती उजव्या कुशीवर होती. मी म्हटलं, बाई गं, कशाला त्याच खुब्यावर निजतेस? वळवून घे. तर म्हणाली, नको, तोर्स्ती यायचाय, तो त्या खुर्चीवर बसतो. डाव्या कुशीवर झाले की समोर भिंत येते." आल्मानं सूप बाजूला सारलं. "भिंत नको म्हणाली. तुम्ही आलात, तिनं तुम्हाला पोटभर पाहिलं. बटणाचं काय ते बोललात तुम्ही दोघं. मग तिला सोसवेना. म्हणून म्हणाली, पलीकडे घे. आणि तुम्ही म्हणालात, कळलं एल्वी. मला वाटलं, चला, कळलं एकदाचं."

तोर्स्तीनं खुर्चीची पाठ धरली. खुर्ची डगमगली.

"तुम्ही मला सांगायचं होतं," तो म्हणाला.

"सांगितलं! पडद्याआडून सांगितलं, वळवा तिला. तुम्ही म्हणालात, हा आमचा घरचा प्रश्न आहे." आल्माचा आवाज उतरला. "तुम्ही गेल्यावर मी घंटी दाबली. सिस्टरनं वळवलं. मग झोपली ती. छान झोपली, खरंच. एकदा घोरलीसुद्धा."

आम्ही बाहेर आलो. तोर्स्तीनं कागदी पिशवी छातीशी धरली होती, तान्हं मूल धरावं तशी. इस्पितळाच्या पायऱ्यांवर तो थांबला. मला वाटलं, आता तरी त्याचा जीव भांड्यात पडला असेल. एल्वीला त्याच्यापासून लांब जायचं नव्हतं. उलट त्याचं तोंड दिसावं म्हणून ती मोडक्या खुब्यावर पडून राहिली होती. मी तसं म्हणालोही.

"हो," तोर्स्ती म्हणाला. "आणि मी तिचा हात दाबत होतो. आगीचा विचार करत होतो, यालमरी. मनात म्हणत होतो, शेवटी जिंकले पलीकडचे."

तो रडला नाही. टोपी काढली, तिच्यात पाहिलं आणि परत डोक्यावर घातली.

तुइरेला त्यानंच सांगितलं. मंडईत जाऊन, माशांच्या गाळ्यासमोर उभं राहून. भाचीनं चालवायला घेतलेल्या त्या गाळ्यात तुइरे उगाच ठाण मांडून बसलेली असते. मी मागं उभा होतो. तो बोलून संपला तेव्हा भाचीचा हात सुरीवर तसाच थांबला होता. तुइरे मोठ्यानं ओरडेल म्हणून मी तयारीत होतो. ती ओरडली नाही.

"लहानपणी आम्ही एका खाटेवर झोपायचो," ती म्हणाली. "तेव्हाही हेच. 'तुइरे, पलीकडे हो.'" आणि ती एप्रनला डोळे पुसत खाली वाकली, बर्फात काहीतरी शोधल्यासारखी. वर आली तेव्हा म्हणाली, "तुझ्या पाइनखाली ने तिला. तिथं ओल नाही ना?"

"नाही."

"बरं आहे."

अशा रीतीनं तोर्स्ती खटला जिंकला. मी जिंकलेली माणसं पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्यात त्याच्यासारखं दिसणारं एकही नव्हतं.

त्याच दुपारी आम्ही अंत्यविधीच्या दुकानात गेलो, आधी दिलेला पत्ता बदलायला. तिथला गृहस्थ तरुण होता, पण आवाज मुद्दाम म्हातारा ठेवलेला. लोक त्याच्याकडे काय काय मागतात ते त्यानं पाहिलेलं होतं: कुणाला पेटीत मासेमारीची काठी हवी असते, कुणाला हॉकीच्या संघाचा मफलर. त्यानं पाइनखालची जागा लिहून घेतली आणि मान तिरकी करून विचारलं, "आणखी काही?"

तोर्स्ती खुर्चीत पुढं सरकला.

"तिला डाव्या कुशीवर ठेवता येईल का?"

"साधारणपणे उताणंच ठेवतात," तो गृहस्थ म्हणाला. "पण ठेवता येईल."

"माझी जागा तिच्या उजव्या हाताला आहे ना?"

"हो. तशीच नोंद आहे."

"मग तिची पाठ माझ्याकडे येईल." तोर्स्तीनं हातानं हवेत दोन माणसं निजवली, त्यातलं एक उचललं, दुसऱ्याच्या पलीकडे नेऊन ठेवलं. "आमच्या जागांची अदलाबदल करा. तिला माझ्या जागी ठेवा, म्हणजे मी डावीकडे येईन."

"करता येईल," गृहस्थ म्हणाला. आता त्याचा आवाज त्याच्या वयाचा झाला होता. "आणखी?"

तोर्स्तीनं थोडा विचार केला.

"पाठीमागं एक उशी लावा. लहानशीच. तिला स्वतःहून वळता येत नाही."